आधी झाड, मग अळी

रानात किंवा अंगणात दिसलेली अळी कोणती, हा प्रश्न नुसते अळीकडे पाहून क्वचितच सुटतो. ती कोणत्या झाडावर होती, पानाच्या वरच्या बाजूस होती की खालच्या, एकटी होती की घोळक्याने, पान कडेने कुरतडत होती की मधूनच भोके पाडत होती, एवढे टिपून ठेवले तर नावाच्या बऱ्याच जवळ जाता येते. त्यापुढचा उलगडा मात्र ती अळी सांभाळून, तिचे पाखरू होईपर्यंत वाट पाहिल्यावरच होतो. नाशिकमध्ये राहून गेली काही वर्षे मी हा उद्योग करते आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि नोकरी हिशेबाची, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते कीटकशास्त्रज्ञाचे नाही. हौसेने, विचारत विचारत शिकलेल्या माणसाचे आहे.

इंदिरानगरमधील आमच्या घरामागे कढीपत्त्याचे झाड आहे आणि पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या फांद्या पाहता पाहता पानांवाचून उघड्या पडतात. तिथल्या अळ्यांचे फोटो काढून फोनमधील ॲपला दाखवणे, ही माझी पहिली पायरी होती. अशी ॲप चित्राशी चित्र जुळवतात. पंख पसरून बसलेल्या, ठळक रंगांच्या फुलपाखराचे नाव ती बहुतेक वेळा नेमके सांगतात. अळीपाशी मात्र त्यांचा अंदाज डळमळतो, आणि त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. फुलपाखरांच्या फोटोंच्या मानाने अळ्यांचे फोटो फार थोडे, आणि त्यातही एकच अळी प्रत्येक कात टाकल्यानंतर निराळी दिसते. शिवाय भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती असल्या तरी पतंगांच्या जाती दहा हजारांच्या वर जातात. म्हणजे समोर आलेली अळी फुलपाखराची असण्यापेक्षा पतंगाची असण्याचीच शक्यता कितीतरी जास्त, आणि आपल्याकडच्या पुष्कळ पतंगांच्या अळ्या कशा दिसतात हे कोणी नीट नोंदवलेलेच नाही. ज्या अळीचा फोटो कुठेच नाही, तिचे नाव ॲप तरी कुठून सांगणार?

म्हणून मी पाय मोजायला शिकले. हे ऐकायला पोरकट वाटते, पण याइतकी पक्की खूण दुसरी नाही. अळीच्या डोक्यालगत, छातीच्या तीन खंडांवर, सांधे असलेल्या खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात. त्यांच्या मागे थोडी मोकळी जागा सोडून पोटाखाली मांसल, बोथट असे आधाराचे पाय असतात. फुलपाखरे आणि पतंग यांच्या अळ्यांत या मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या आढळतात. चार पोटाच्या मध्यभागी आणि एक अगदी शेवटी. काही कुळांत मधल्या जोड्या गळालेल्या असतात, आणि अशी अळी चालताना पाठीची कमान करत पुढे सरकते. शेतकरी तिला उंटअळी म्हणतात. भिंगातून पाहिले तर मांसल पायांच्या तळव्यांवर बारीक आकड्यांची रांग दिसते. मी दहापट मोठे दाखवणारे, सोनारांकडे असते तसले घडीचे भिंग वापरते. ते पर्समध्ये मावते आणि या कामाला पुरते.

पाय मोजण्याचा उपयोग मला पहिल्यांदा कळला तो मुळ्याच्या वाफ्यात. हिवाळ्यात गोदाकाठच्या मळ्यांमधून मुळा आणि मोहरीच्या पानांवर काळपट हिरव्या रंगाच्या, सुरकुतलेल्या दिसणाऱ्या लहान अळ्या असतात. हात लावला की त्या अंगाची गुंडाळी करून जमिनीवर पडतात आणि निपचित राहतात. त्यातील एक बाटलीत घेऊन उलटी करून पाहिली तेव्हा पोटाखाली मांसल पायांच्या आठ जोड्या निघाल्या. तळव्यांवर आकड्या नव्हत्या आणि डोक्याच्या प्रत्येक बाजूला एकच ठसठशीत डोळा होता. पतंगाच्या अळीला तिथे सहसा सहा बारीक डोळ्यांचा पुंजका असतो. ही मोहरीवरील सॉफ्लायची अळी. सॉफ्लाय ही फुलपाखरांच्या गणातली नव्हे, मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या यांच्या गणातली आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक पुस्तकी नाही. पतंगांच्या अळ्यांसाठी जे बीटी नावाचे जिवाणूजन्य कीटकनाशक फवारतात, ते सॉफ्लायच्या अळीवर चालत नाही; पाय न मोजता फवारा मारला तर पैसे जातात आणि मुळाही जातो.

यानंतरची पायरी झाडाची. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण बहुतेक अळ्या खाण्याच्या बाबतीत कमालीच्या चोखंदळ असतात. पांडवलेणीच्या पायथ्याशी रुईची झुडपे भरपूर आहेत. त्यांच्यावर काळे, पांढरे आणि पिवळे पट्टे असलेली, पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या मिरवणारी अळी दिसली, की ती बिबळ्या कडवा या फुलपाखराची असते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये ती अंगात साठवते आणि म्हणून लपण्याच्या फंदात न पडता उघड्यावर बसते. कण्हेरीवर थोडीफार अशीच पट्टेदार अळी दिसते, पण तिच्या पाठीवर शिंगांच्या चार जोड्या असतात; ती कॉमन क्रो या काळपट तपकिरी फुलपाखराची. तिचा कोष इतका चकचकीत रुपेरी असतो, की भिंगाने पाहताना त्यात स्वतःचे भिंग दिसते. त्याच कण्हेरीवर, आणि तगरीवरही, बोटाएवढी जाड हिरवी अळी सापडते. तिच्या शेपटीवर एक शिंग असते आणि मानेच्या मागे निळसर पांढरे असे डोळ्यांसारखे दोन ठिपके असतात. ती ओलिअँडर हॉकमॉथ या मोठ्या, हिरव्या नक्षीच्या पतंगाची अळी. कोषात जाण्याची वेळ आली की तिचा हिरवा रंग जाऊन ती मातकट होते आणि झाडावरून उतरून पालापाचोळ्यात शिरते. आदल्या दिवशीची हिरवी अळी गेली कुठे आणि ही मातकट नवी कुठून आली, असे विचारणारे शेजारी मला भेटले आहेत. अळी एकच असते.

शेवटच्या उदाहरणातच झाडाच्या पुराव्याची मर्यादाही आहे. भिंतीवर, पायवाटेवर किंवा भलत्याच झुडपावर सापडलेली मोठी अळी बहुधा खाणे संपवून कोषासाठी जागा शोधत निघालेली असते; त्या झुडपाचा आणि तिचा काही संबंध नसतो. म्हणून अळी पान खाताना पाहिली की नुसती बसलेली पाहिली, हे मी वहीत वेगळे लिहिते. एकाच झाडावर अनेक जाती असणे हा दुसरा पेच. एरंडावर उंटअळीसारखी कमान करत चालणारी, गुळगुळीत अंगाची अळी असते, अंगभर फांद्या फुटल्यासारखे काटे असलेली कॉमन कॅस्टर फुलपाखराची अळी असते, आणि कोवळेपणी घोळक्याने पानाची चाळणी करणारी, ‘तंबाखूवरील पाने खाणारी अळी’ या नावाने ओळखली जाणारी अळीही असते. अशा ठिकाणी झाड फक्त यादी आखडती करून देते. निवाडा पुन्हा पाय, काटे आणि चालणे यांवरच करावा लागतो.

आणि झाडच ओळखता आले नाही तर? शहरातली झाडे मला येत होती, अंजनेरीच्या वाटेवरची नव्हती. आमच्या वसाहतीत वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात, त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे एकाच पानाचा फोटो घेऊन गेले तेव्हा त्यांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, “पाने समोरासमोर होती की एकाआड एक? तोडल्यावर चीक आला का? चुरगळून वास घेतला होता का?” तेव्हापासून मी फांदीचा, पानाच्या पाठीमागचा आणि फूल किंवा फळ असल्यास त्याचा वेगळा फोटो घेते, आणि चीक व वास यांची नोंद तिथल्या तिथे करते. अळीच्या शोधात निघालेल्या माणसाचा निम्मा वेळ वनस्पतींत जातो, याची कल्पना मला आधी कोणी दिली नव्हती.

इतके करूनही कढीपत्त्यावरच्या अळ्यांचे कोडे शिल्लक राहत होते. लिंबू, बेल आणि कढीपत्ता ही एकाच कुळातील झाडे, आणि त्यांच्यावर वाढणाऱ्या, आपल्याकडे सहज दिसणाऱ्या दोन फुलपाखरांच्या, म्हणजे लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन यांच्या, अळ्या कोवळ्या असताना जवळजवळ सारख्या दिसतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेले ब्लू मॉर्मनही याच घराण्यातले आणि त्याची अळीही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. यांतली कोणती, हे ठरवण्याचा खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे अळी घरी वाढवणे. ही काही नवी युक्ती नाही. कारवारला राहिलेले वनाधिकारी टी. आर. डी. बेल यांनी आयुष्यभर अळ्या पाळून त्यांची वर्णने लिहिली, आणि १९३७ साली स्कॉट यांच्यासह त्यांनी हॉकमॉथ कुळावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याला या पाळलेल्या अळ्यांचाच मोठा आधार आहे.

अळी पाळायला फारसे सामान लागत नाही, नेम मात्र लागतो. मी पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घेते आणि झाकणाऐवजी तोंडाला मलमलचा तुकडा रबराने बांधते. कढीपत्त्याची डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचायची असेल तर बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, नाहीतर अळी देठावरून खाली उतरून पाण्यात पडते. एका डब्यात एकच अळी ठेवावी. विष्ठा रोज काढून टाकावी, कारण ओलाव्याने तिला बुरशी येते आणि मग अळीही आजारी पडते. पान बदलताना अळीला चिमटीत धरून उचलू नये. जुन्या पानाचा तिच्याखालचा तुकडा कापून तो नव्या पानावर ठेवावा, म्हणजे ती आपणहून सरकते. कात टाकण्याच्या बेतात असलेली अळी खात नाही, हलत नाही, आणि तिचे डोके अंगाच्या मानाने लहान दिसू लागते. त्या काळात डबा उघडूही नये. घरातील मंडळींची मनधरणी हा या सामानातला न सांगितलेला भाग आहे. आमच्याकडे सासूबाईंनी डबे स्वयंपाकघरात येणार नाहीत एवढी एकच अट घातली आणि नंतर माझ्या गैरहजेरीत पाने बदलण्याचे काम स्वतःकडे घेतले.

अंड्यातून बाहेर पडलेली अळी काळपट तपकिरी असते आणि तिच्या अंगावर पांढरा डाग असतो, त्यामुळे ती पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. चौथ्या कातीपर्यंत हे सोंग टिकते. चौथी कात टाकताच ती हिरवी होते आणि जाड झालेल्या छातीवर डोळ्यांचा भास करणारे ठिपके येतात. तिला काडीने हळूच डिवचले की डोक्यामागून इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे एक मऊ, ओले शिंग झटकन बाहेर येते आणि सडक्या लिंबाच्या जवळ जाणारा उग्र वास सुटतो. क्षणभराने ते शिंग आत ओढून घेतले जाते. मुंग्या आणि कोळी यांना दूर ठेवण्यासाठी ही व्यवस्था आहे. पूर्ण वाढ झाल्यावर अळी एकदा पातळ, ओलसर विष्ठा टाकून आतडे रिकामे करते, डब्यात बेचैन फिरते आणि एखाद्या काडीवर रेशमाची छोटी गादी विणते. गादीत शेपूट अडकवल्यावर ती मान मागे वळवून कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेते आणि त्याच्या आधाराने तिरकी रेलून बसते. दुसऱ्या दिवशी पाठीवरची कातडी फाटते आणि आतला कोष दिसू लागतो. आजूबाजूला हिरवी पाने असतील तर तो हिरवा होतो, वाळकी काडी असेल तर तपकिरी. एकाच आईची दोन अंडी वेगळ्या डब्यांत ठेवून मी दोन्ही रंग पाहिले आहेत.

पाखरू बाहेर आले की वाद मिटतो. काळ्या पंखांवर फिकट पिवळ्या ठिपक्यांची दाटी, मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी लाल ठिपका आणि शेपटी नाही, ते लाइम बटरफ्लाय. मागच्या पंखाला शेपटी आणि पंखावर आडवी पांढऱ्या ठिपक्यांची रांग असेल, तर तो कॉमन मॉर्मनचा नर. मॉर्मनच्या मादीचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. तिचे एक रूप नरासारखे असते, तर बाकीची रूपे कॉमन रोझ आणि क्रिम्झन रोझ या पक्ष्यांना न रुचणाऱ्या फुलपाखरांची नक्कल करतात. म्हणजे पाखरू हाती आल्यावरही नक्कल करणारी कोणती आणि मूळची कोणती, हे पाहावेच लागते. अळी कढीपत्त्यावर वाढवलेली असली की हा संशय राहत नाही, कारण रोझ फुलपाखरांच्या अळ्या लिंबाच्या कुळावर वाढत नाहीत.

प्रत्येक डब्यातून फुलपाखरूच बाहेर येईल असेही नाही. एका पावसाळ्यात एक चांगली वाढलेली अळी अचानक खायची थांबली. कात टाकत असेल असे समजून मी डबा बाजूला ठेवला. सकाळी पाहिले तर तिच्या कातडीतून बारीक पिवळट किडे बाहेर पडून तिच्या अंगालगतच रेशीम गुंडाळत होते, आणि दुपारपर्यंत तिच्या भोवती तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे कोष चिकटले. अळी अजून जिवंत होती, पाय हलवत होती, पण खाण्याची शक्ती तिच्यात उरली नव्हती. काही दिवसांनी त्या कोषांतून डासापेक्षाही लहान, काळ्या गांधीलमाश्या निघाल्या. ब्रॅकोनिडी कुळातील या माशीची मादी अळीच्या अंगात अंडी घालते आणि पिल्ले आतून तिला खात वाढतात. झाडावर मला अगदी निरोगी दिसलेली अळी प्रत्यक्षात आधीच पोखरलेली होती. घरच्यांना हे पाहून किळस आली. मला मात्र फुलपाखरू निघाले असते त्याहून ही गोष्ट अधिक शिकवून गेली, कारण कढीपत्ता वर्षातून एकदाच का ओरबाडला जातो आणि मग सावरतो, याचे उत्तर त्या कोषांत होते. माशीचे नाव मी कुळापर्यंतच लिहिले. त्यापुढे जायला सूक्ष्मदर्शक आणि त्या विषयाला वाहिलेला माणूस लागतो.

ओळख चुकली तर खिशाला खार लागतो, हे पाहायला मिळाले माहेरी. माझे माहेर दिंडोरी तालुक्यातले आणि धाकटा भाऊ द्राक्षबाग सांभाळतो. ऑक्टोबर छाटणीनंतर घड भरायला लागले की पिठ्या ढेकूण सालीखालून निघून ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या जाड फांदीवर, आणि मग घडांवर चढतो. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते आणि असा घड बाजारात कोणी घेत नाही. त्यामुळे बागेत पांढरे काही दिसले की भावाचा हात पंपाकडे जातो.

“ताई, बघ, ओलांड्यावर किती पिठ्या झालाय. उद्या सकाळीच फवारून घेतो.”

“थांब जरा. हे पळतंय बघ. पिठ्या असा पळतो का?”

“थोडाफार सरकतो की.”

“सरकतो. पण हे पिठ्याच्या अंगावर चढून त्यालाच खातंय.”

भिंगाखाली फरक स्पष्ट होता. पिठ्या ढेकूण लांबट वाटोळा, फार तर तीन-चार मिलिमीटरचा, पांढऱ्या पिठाखाली गुलाबी, आणि हलला तरी अगदी सावकाश. त्याच्या शेजारी दुप्पट-तिप्पट लांबीचे जे पांढरे काही होते, त्याच्या अंगावर मेणाचे लांब, विस्कटलेले धागे होते, त्या धाग्यांखालून सहा पाय दिसत होते, आणि ते ढेकणांच्या अंड्यांच्या कापसात डोके खुपसून खात होते. ही क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी. ज्याला खायचे त्याच्याचसारखे दिसायचे, अशी तिची रीत आहे. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तो १८९८ साली भारतात आणला गेला, आणि आज प्रयोगशाळांत लाल भोपळ्यांवर पिठ्या ढेकूण वाढवून त्यांच्यावर तो वाढवतात आणि बागांमध्ये सोडतात. प्रौढ भुंगेरा काळपट असतो, त्याचे डोके आणि मागचे टोक नारिंगी असते. भावाने तो पूर्वी पाहिला होता आणि तो उपयोगाचा आहे हेही त्याला ठाऊक होते. त्याची अळी मात्र त्याच्या लेखी पिठ्याच होती. त्या ओळीत फवारणी झाली नाही. शेजारच्या ओळींत, जिथे मुंग्यांची ये-जा होती आणि पांढऱ्या गोळ्यांत पळणारे काही नव्हते, तिथे त्याने ठरल्याप्रमाणे औषध मारले, आणि ते बरोबरच होते. मुंग्या गोड द्रवासाठी पिठ्याची राखण करतात आणि शत्रूंना हुसकावतात, त्यामुळे मुंग्यांची रांग हीदेखील ओळखीची एक खूण आहे.

या पांढऱ्या सोंगाड्यांत तिसराही एक आहे. घराजवळच्या सीताफळावर पिठ्याच्या थरात एक चपटी, पांढऱ्या पिठाने माखलेली अळी सापडली; तिला मी ढालकिड्याचीच धरून चालले होते, पण तिच्या पोटाखाली मांसल पाय होते, म्हणजे ती फुलपाखराच्या गणातली. ती एपफ्लाय या छोट्या फुलपाखराची निघाली. आपल्याकडच्या बहुतेक अळ्या पाला खातात, ही पिठ्या ढेकूण खाते. काही दिवसांनी तयार झालेल्या तिच्या कोषावर समोरून पाहिले तर माकडाचा चेहरा दिसतो, त्यावरूनच हे इंग्रजी नाव पडले आहे. भावाची मुले तो कोष पाहायला आळीपाळीने भिंग मागत होती.

द्राक्षाच्या वेलीवर अधूनमधून शेपटीला शिंग असलेली, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली जाड अळी मिळते आणि मजूर बायका तिला पाहून दचकतात. “ते शिंग नाही, नांगी आहे तिची,” असे वहिनीने मला ठामपणे सांगितले होते. हॉकमॉथच्या कोणत्याही अळीचे शिंग डंख मारत नाही. ते मऊ असते. मी ते बोट लावून दाखवले, तरी वहिनीचे मत फारसे बदललेले नाही.

खरी भीती बाळगावी ती केसाळ आणि काटेरी अळ्यांची. देशी बदामाच्या पानांखाली हिरव्या रंगाच्या, पाठीवर निळसर पट्टा आणि काट्यांचे झुबके असलेल्या चपट्या अळ्या असतात. त्या काट्यांत विष असते आणि स्पर्श झाला की विंचू चावल्यासारखी आग होते. सुरवंटाचे केस नुसते वाऱ्याने अंगावर आले तरी पुरळ उठते. मी केसाळ अळी नेहमी काडीने किंवा रंगाच्या कुंचल्याने उचलते. केस लागलेच तर चोळू नये. चिकटपट्टी दाबून ओढून काढावी, मग साबणाने धुवावे, आणि डोळ्यात गेल्यास किंवा सूज वाढल्यास डॉक्टर गाठावा.

अलीकडच्या काळात गावाकडून सर्वांत जास्त विचारणा होते ती मक्यावरील अळीची. मूळची अमेरिकेतील लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात पहिल्यांदा आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. मक्याच्या पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसली की ती असण्याचा संशय घ्यावा आणि पोंगा उलगडून अळी बाहेर काढावी. तिच्या डोक्यावर उलटा वाय असतो हे आता बहुतेकांना माहीत आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण इतर काही अळ्यांच्या डोक्यावरही तशा फिकट रेषा असतात. शेपटीकडून पाहावे: पोटाच्या आठव्या खंडावर चार काळे ठिपके चौरसात मांडलेले दिसले, तर शंका उरत नाही. रंगाने मात्र काहीच ठरत नाही. हरभऱ्यावरची घाटेअळी हिरवी असते, तपकिरी असते, गुलाबीसरही असते, आणि तिन्ही रंग एकाच शेतात सापडतात. मला फोटो पाठवणारे नव्वद टक्के लोक अळीचा रंग सांगतात. मी त्यांना शेपटीचा फोटो मागते.

फोटोचे माझे गणित आता ठरून गेले आहे. एक वरून, एक बाजूने, एक डोक्याचा, शक्य तर एक उलटी करून पायांचा, आणि एक ती खात असलेल्या पानाचा. खाली आलेख कागदाचा तुकडा ठेवला की लांबी वेगळी मोजावी लागत नाही. तारीख, गाव आणि झाड यांशिवाय नोंद पूर्ण धरत नाही. या नोंदी मी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकते. तिथे ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचे जातीवर एकमत झाले, आणि तारीख, ठिकाण, फोटो असले, की नोंदीला संशोधनयोग्य असा दर्जा मिळतो. माझ्या पुष्कळ नोंदींना तो मिळालेला नाही.

अंजनेरीला बोरीच्या पानांवर मिळालेली एक उंटअळी त्यांतलीच. काडीसारखी ताठ उभी राहणारी, करड्या रंगाची, मधल्या मांसल पायांच्या जोड्या नसलेली. म्हणजे जिओमेट्रिडी कुळातील, एवढे लगेच ठरले. ती डब्यातील मातीत शिरली आणि तिचा पतंगही बाहेर आला, पण राखाडी पंखांवर नागमोडी रेघा असलेले असे पतंग या कुळात इतके आहेत, की पंखांवरून जात ठरत नाही. त्यासाठी नराचे जननेंद्रिय वेगळे करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि ते पतंग मारल्याशिवाय होत नाही. शास्त्रज्ञांना ते करावे लागते आणि त्यांनी ते करावे. मी मात्र पतंग सोडून दिला. नोंदीत कुळाचे नाव, बोरीचे नाव, अळीचे पाच आणि पतंगाचे दोन फोटो आहेत. ज्याला त्या कुळातले कळते त्याने ती पुढे न्यावी, म्हणून जातीचा रकाना मी रिकामाच ठेवला आहे.